कोपऱ्यात टपकणाऱ्या जाहिराती: फॉरमॅट मारायच्या आधी हा कागद वाचा

हा कागद आम्ही बिलासोबत देतो, कुणी मागितला तर व्हॉट्सअॅपवर पण पाठवतो. कारण असंय की दर आठवड्याला कोणी ना कोणी पीसी बगलेत मारून दुकानात येतं आणि काउंटरवर ठेवतानाच सांगतं, "व्हायरस शिरलाय, फॉरमॅट मारून द्या." मारून देता येतो की, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकायचं, अर्ध्या दिवसाचं काम, पैसे पण मिळतात. पण त्यातल्या बऱ्याच जणांना फॉरमॅटची गरजच नसते, आणि काहींच्या बाबतीत तर फॉरमॅट मारून घरी नेल्यावर संध्याकाळी तेच परत सुरू, मग फोन येतो आणि वाईट आम्ही दिसतो. ते परत का येतं तेही खाली लिहिलंय.

आधी हे काय असतं ते थोडक्यात. जाहिराती दाखवणाऱ्या आगंतुक प्रोग्रामला अॅडवेअर म्हणतात. जाहिरात दिसली, त्यावर क्लिक झालं, किंवा त्याच्या नादाने अजून एखादा प्रोग्राम इन्स्टॉल झाला की कुणालातरी पैसे मिळतात, धंदा एवढाच आहे. म्हणून त्याला तुमचा पीसी बंद पाडायचा नसतो, उलट तो चालू राहायला हवा असतो. घरात घुसलेल्या पोटभाडेकरूसारखं आहे हे, आणि दार बहुतेक वेळा आपणच उघडलेलं असतं, कुठेतरी "अलाउ" दाबून नाहीतर न वाचता "नेक्स्ट नेक्स्ट" करून. त्यामुळे काम पण तेच, आपण काय काय परवानगी दिलीय ते शोधायचं आणि काढून घ्यायचं.

पहिलं बघायचं ते नोटिफिकेशन

स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली चौकट येते, "तुमच्या पीसीत 5 व्हायरस सापडले", "अँटिव्हायरस आज संपतोय", कधी लॉटरी, कधी नको ते फोटो. हे आजकाल आमच्याकडे येणारं सगळ्यात कॉमन प्रकरण आहे आणि यात पीसीमध्ये काहीही शिरलेलं नसतं! कुठल्यातरी साइटवर "तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करायला अलाउ दाबा" असं लिहिलेलं होतं, तुम्ही दाबलं, आणि त्या साइटला कधीही नोटिफिकेशन पाठवायचा परवाना मिळाला, साइट बंद असली तरी. चौकटीत नीट बघितलं तर बारीक अक्षरात क्रोमचं आणि त्या साइटचं नाव दिसतं, तिथेच चोर सापडतो.

क्रोममध्ये वर उजवीकडची तीन टिंबं, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. खाली परवानगी दिलेल्या साइटची यादी येते. जीमेल, व्हॉट्सअॅप वेब असं ओळखीचं राहू द्या, बाकी जी नावं वाचून "हे काय आहे?" असं वाटतं त्या प्रत्येकाच्या बाजूला तीन टिंबं आहेत, तिथून ब्लॉक करा. रिमूव्ह नको, ब्लॉकच करा, म्हणजे ती साइट पुन्हा विचारणार पण नाही. घरात आई-बाबा पीसी वापरत असतील तर सरळ त्याच पानावर नोटिफिकेशन कुणालाच द्यायचं नाही हा पर्याय निवडा, कुणाचं काही अडत नाही. एक काका रिक्षा करून पीसी घेऊन आले होते, काम झालं दोन मिनिटांत, पैसे काय घेणार, चहा पाजून पाठवलं.

मग एक्स्टेन्शन

सर्चला काहीतरी टाइप केलं की गुगलऐवजी भलतंच सर्च इंजिन उघडतं, होमपेज बदललंय, बदलून बदलून परत तेच येतंय, तर तीन टिंबांतून एक्स्टेन्शन्स (क्रोमला वरून जोडलेले छोटे प्रोग्राम) उघडा. पीडीएफ कन्व्हर्टर, कूपन शोधणारं, व्हिडिओ डाउनलोडर, हवामान दाखवणारं, असलं काही आपण स्वतः मुद्दाम घातलं नसेल तर रिमूव्ह. रिमूव्हचं बटणच नसेल आणि "युअर ब्राउझर इज मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन" असं दिसत असेल, तर ऑफिसच्या लॅपटॉपवर ते नॉर्मल आहे, पण घरच्या पीसीवर कुठली आलीय ऑर्गनायझेशन? काही अँटिव्हायरसमुळे पण ते दिसतं, पण बऱ्याचदा अॅडवेअरने रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत) पॉलिसी, म्हणजे सक्तीचा नियम, टाकून स्वतःला कुलूप लावून घेतलेलं असतं. त्यात हात घालू नका, ते आमच्याकडे आणा.

इन्स्टॉल झालेले प्रोग्राम

सेटिंग्ज, अॅप्स, इन्स्टॉल्ड अॅप्स, आणि यादी तारखेप्रमाणे लावा. त्रास ज्या दिवशी सुरू झाला त्याच्या आसपास काय आलंय ते बघा, तारीख सगळं सांगते. ड्रायव्हर अपडेटर, पीसी स्पीड वाढवणारे, रजिस्ट्री क्लीनर, असली मंडळी बिनधास्त काढा, पीसी त्यांनी कधी फास्ट होत नाही. मात्र व्हिज्युअल सी प्लस प्लस नावाच्या आठ-दहा ओळी दिसतील त्यांना हात लावू नका, बाकीच्या प्रोग्रामना त्या लागतात, तसंच इंटेल आणि रिअलटेक, ते पीसीचे भाग चालवणारे ड्रायव्हर असतात. एकाने साफसफाईच्या उत्साहात हे सगळं उडवलं आणि मग स्पीकरचा आवाज गेला म्हणून आला.

हे करूनही दर थोड्या वेळाने ब्राउझर आपोआप उघडत असेल तर दोन जागा अजून. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या शॉर्टकटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि टार्गेटच्या ओळीत शेवटी कुठल्या साइटचा पत्ता चिकटवलाय का बघा, असेल तर तेवढा पुसा. दुसरी जागा टास्क शेड्यूलर (ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारं विंडोजचं टूल), तिथे ठरावीक वेळाने वेबपेज उघडायचं काम लावून ठेवलेलं सापडतं.

स्कॅन

वेगळा अँटिव्हायरस विकत घ्यायलाच पाहिजे असं नाही (आम्ही विकतो, तरी सांगतोय). विंडोजमध्ये डिफेंडर असतोच. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, स्कॅन ऑप्शन्स, त्यात ऑफलाइन स्कॅन. पीसी रिस्टार्ट होतो, साधारण 15 मिनिटं लागतात, उघड्या फाइल आधी सेव्ह करा. आणि एक स्विच कितीतरी जणांचा बंद असतो तो चालू करा: अॅप अँड ब्राउझर कंट्रोल, रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शन, त्यात पोटेन्शियली अनवॉन्टेड अॅप ब्लॉकिंग. अॅडवेअर कायदेशीर सॉफ्टवेअरचा आव आणतं, "युजरने स्वतः नेक्स्ट दाबलं" म्हणतं, म्हणून साध्या व्हायरस स्कॅनमधून ते सुटू शकतं, हा स्विच त्याच्यासाठीच आहे. त्यावरही मालवेअरबाइट्स कंपनीचं अॅडडब्ल्यूक्लीनर नावाचं अॅडवेअर काढायचं टूल फुकट आहे, पण ते त्यांच्याच साइटवरून घ्या, गुगलवर सर्च करून सगळ्यात वरच्या "स्पॉन्सर्ड" लिंकवर जाऊ नका, कारण अॅडवेअर काढणाऱ्या टूलच्या नावाने अॅडवेअर विकणारे पण आहेत.

क्रोममध्ये पूर्वी स्वतःचं क्लीनअप टूल होतं, जुन्या व्हिडिओत अजून तेच दाखवतात आणि लोक सेटिंगमध्ये शोधत बसतात. ते गुगलने 2023 मध्ये काढून टाकलंय.

फॉरमॅट मारूनही परत का येतं

कारण क्रोम सिंक. पीसी फॉरमॅट केला, क्रोम टाकलं, जीमेलने लॉगिन केलं, आणि बुकमार्क पासवर्ड सोबत ते घाणेरडं एक्स्टेन्शन पण गुगलच्या खात्यातून गुपचूप परत उतरलं. म्हणून फॉरमॅटच्या आधी एक्स्टेन्शन काढायचं, घरात दुसरा लॅपटॉप त्याच खात्यावर असेल तर त्यावरूनही, आणि मगच पुढचं.

येतं कुठून

आपल्याकडे ठरलेल्या जागा आहेत. मराठी टायपिंगचा फॉन्ट किंवा सॉफ्टवेअर फुकट डाउनलोड, प्रिंटरचा ड्रायव्हर, क्रॅक केलेलं (लायसन्सचं कुलूप तोडून फुकट केलेलं) फोटोशॉप, नवीन सिनेमा, आणि दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी घाईत उघडलेली भलतीच साइट. डाउनलोडच्या पानावर चार हिरवी बटणं असतात, त्यातली तीन जाहिराती. मराठीसाठी तर काही डाउनलोड करायचीच गरज नाही, विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड आतच आहे, 2019 च्या मे अपडेटपासून फोनेटिक पण आहे, म्हणजे इंग्रजी अक्षरं दाबून मराठी. लँग्वेज सेटिंगमधून चालू करा, जमलं नाही तर या, करून देतो. ड्रायव्हर प्रिंटर कंपनीच्याच साइटवरून घ्या. काही इन्स्टॉल करताना "एक्सप्रेस" नको, "कस्टम" निवडा आणि प्रत्येक टिक वाचा.

क्रॅकबद्दल जरा कडक बोलतो. त्यात जाहिरातीवर थांबत नाही, सेव्ह केलेले पासवर्ड चोरणारे प्रोग्राम पण येतात. क्रॅक टाकला असेल तर साफसफाई झाल्यावर जीमेल आणि बँकेचा पासवर्ड बदला, आणि तो मोबाइलवरून, त्याच पीसीवरून नाही.

पण सगळा दोष तुमचाच असतो असंही नाही. 2014 च्या शेवटी विकलेल्या काही लेनोवो लॅपटॉपमध्ये सुपरफिश नावाचं अॅडवेअर कंपनीतूनच आलं होतं, कुलूप दिसणाऱ्या सुरक्षित पानांतही ते डोकं घालायचं, 2015 च्या फेब्रुवारीत बोंब झाली तेव्हा कंपनीने काढायचं टूल दिलं. आणि 2017 मध्ये चेक पॉइंट या सायबर सुरक्षा कंपनीने फायरबॉल नावाचं एक अॅडवेअर उघडं पाडलं, त्यांच्या हिशोबाने भारतातच 2.53 कोटी पीसींवर. मायक्रोसॉफ्ट म्हणालं आकडा फुगवलाय. असेल फुगवलेला, पण ते फुकटच्या सॉफ्टवेअरसोबतच शिरायचं.

भोंगा वाजवणारी स्क्रीन

पूर्ण स्क्रीन लाल-निळी, मोठ्याने बाई बोलतेय, "पीसी बंद करू नका, या नंबरवर फोन करा." फोन करायचा नाही! ते नुसतं वेबपेज आहे. एस्केप दाबून धरा, नाहीतर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा, परत उघडताना जुनी पानं रिस्टोर करू नका. फोन केलाच असेल आणि त्यांनी एनीडेस्कसारखं, लांबून पीसी चालवायचं काही टाकायला लावलं असेल तर आधी इंटरनेटची वायर काढा, वायफाय बंद करा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा आणि बँकेला कळवा, आमच्याकडे नंतर या, पहिला तास महत्त्वाचा असतो.

आणायचाच असेल तर

नुसता सीपीयू आणा, मॉनिटर कीबोर्ड नको, लॅपटॉप असेल तर चार्जर मात्र हवा. जाहिरात दिसते तेव्हा मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवा, आमचा निम्मा वेळ वाचतो, कारण दुकानात आल्यावर ती हमखास दिसत नाही. पासवर्डची चिठ्ठी कीबोर्डखाली चिकटवून देऊ नका, लॉगिन लागलं तर आम्ही फोन करू, तुम्ही येऊन टाका. अजून विंडोज 10 असेल तर त्याचे फुकटचे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला बंद झालेत, पीसी विंडोज 11 ला चालतो का ते त्याच फेरीत बघून देतो, त्याचे पैसे नाहीत. सोमवारी दुकान बंद असतं.