फळ्यांवर रंगवलेली अक्षरं

इटलीतल्या सिसिली बेटाच्या पश्चिम टोकाला मार्साला गावाजवळ समुद्रात उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहराच्या लोकांचं एक जुनं जहाज सापडलं, इ.स.पू. तिसऱ्या शतकातलं. १९७१ पासून ऑनर फ्रॉस्ट या बाईंनी त्याचं उत्खनन केलं आणि बघतात तर लाकडावर चक्क अक्षरं रंगवलेली! कुठला भाग कुठे बसवायचा त्याच्या खुणा, आपण ऑनलाइन मागवलेलं कपाट घरी जोडतो ना अगदी तसंच. म्हणजे जहाज बांधणाऱ्या सुतारांना अक्षरओळख होती. या कार्थेजवाल्यांचे पूर्वज म्हणजे फिनिशियन लोक, ते समजायला मला तरी त्यांच्या बिब्लॉस बंदरातल्या अहिराम राजाच्या दगडी शवपेटीवरच्या फेमस लेखापेक्षा या फळ्या जास्त बोलक्या वाटतात.

कार्थेज वसवलं टायरच्या फिनिशियन लोकांनी. मूळचे हे आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरचे. टायर, सायडन, बिब्लॉस, प्रत्येक बंदराचा राजा वेगळा, सगळ्यांचा मिळून एक देश असा कधी नव्हताच. पाठीशी डोंगर, शेतीला जमीन थोडी पण सीडरचं (देवदाराच्या जातीचं) लाकूड भरपूर, मग समुद्राकडेच वळणार ना, आणि लाकूड, वाइन, समुद्री गोगलगायींपासून काढलेला जांभळा रंग विकत विकत ते पार स्पेनच्या काडिझपर्यंत पोचले.

आता एवढा व्यापार म्हटलं की हिशेब आला, आणि हिशेबाला सोपी लिपी. इजिप्तच्या लिपीत शेकडो चिन्हं, यांच्यात फक्त २२. ही आयडिया सगळी त्यांचीच असं नाही, सिनाईकडे त्याआधीच्या खुणा सापडल्यात, पण ती घासूनपुसून बंदरोबंदरी नेली ती यांनीच. लिपीत स्वर नव्हते, नुसती व्यंजनं. ग्रीकांनी इ.स.पू. आठव्या शतकाच्या सुमारास ती उचलली आणि जी व्यंजनं त्यांच्या भाषेत लागतच नव्हती ती अक्षरं सरळ स्वरांना देऊन टाकली. अलेफ म्हणजे बैल, त्याचा झाला आल्फा. इंग्रजी कॅपिटल 'ए' उलटा धरून बघा, शिंगांसकट बैलाचं डोकं दिसेल.

पूर्वेकडे याच लिपीतून अरामी आली, आणि अरामीवरून अशोकाच्या वायव्येकडच्या लेखांतली खरोष्ठी. नालासोपाऱ्याचा लेख ज्या ब्राह्मीत आहे ती पण याच कुळातली का, यावर अजून भांडणं चालू आहेत.

जहाजबांधणीत म्हणाल तर फळ्यांच्या कडांना खाचा पाडून आत लाकडी पट्ट्या बसवायच्या आणि वरून खुंट्या ठोकायच्या, या जोडाला रोमन लोक प्युनिक म्हणजे कार्थेजवाल्यांचाच जोड म्हणायचे. रात्री दिशा बघायला ते सप्तर्षींपेक्षा ध्रुवमत्स्य (ध्रुव तारा ज्यात आहे तो छोटा तारकासमूह) धरायचे, ग्रीक तर त्याला फिनिशियन तारेच म्हणत.

आणि आफ्रिकेचा किस्सा तर भारीच. इ.स.पू. ६०० च्या सुमारास इजिप्तच्या नेको राजाने फिनिशियन खलाशी तांबड्या समुद्रातून पाठवले, वाटेत उतरून धान्य पेरत, कापत ते तिसऱ्या वर्षी भूमध्य समुद्रातून परत आले, असं ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो. ते म्हणाले, आफ्रिकेला वळसा घालताना सूर्य आमच्या उजव्या हाताला होता. हेरोडोटसला ही थाप वाटली. पण आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला पश्चिमेकडे तोंड करून चाललात तर दुपारचा सूर्य उत्तरेला, म्हणजे उजवीकडेच असणार. दुसरा पुरावा नाही, त्यामुळे काही अभ्यासक अजून मान डोलवत नाहीत, पण घरबसल्या नेमकी हीच थाप सुचणं मला तरी अवघड वाटतं.