अराकुरायामा सेनगेन बाग : निघण्यापूर्वी एवढं वाचा

पाच मजली लाल पॅगोडा, भोवती चेरीचा बहर, मागे फुजी पर्वत. हा फोटो तुम्ही पाहिलेलाच आहे. तो फुजियोशिदा शहरातल्या याच टेकडीवरचा. टोकियोत चेरी मार्चअखेरीस फुलू लागते. फुजियोशिदा बरंच उंचावर आहे, त्यामुळे इथला बहर साधारण एप्रिलच्या मध्याला येतो. सहलीच्या तारखा आम्ही त्याच बेताने धरतो; पण फुलं आणि ढग कुणाच्या हातात नसतात.

बहुतेक लोक थेट पॅगोड्याकडे धावतात. आमची विनंती, आधी वाटेतल्या अराकुरा फुजी सेनगेन या शिंतो (जपानचा मूळ धर्म) देवळापाशी थांबा. सेनगेन देवळं कोनोहानासाकुया-हिमे या देवीची. ती फुजीचीही देवी आणि फुलांचीही. म्हणजे वर जे पाहायला चाललो आहोत, ते सगळं तिचंच! लाल तोरीतून, म्हणजे कमानीतून, आत जाताना किंचित वाकायचं आणि वाटेच्या कडेने चालायचं. मधली वाट देवाची मानतात. कुंडावर हात धुवायचे, चूळ भरायची, पण पळी तोंडाला लावायची नाही. पेटीत नाणं टाकून दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, हात जोडायचे, मग पुन्हा एकदा वाकायचं. चपला काढाव्या लागत नाहीत, कारण दर्शन बाहेरूनच. नारळ-हार नेऊ नका.

पुढे ३९८ पायऱ्या. गुडघ्यांचा त्रास असेल तर शेजारून वळणावळणाचा चढ आहे. वेळ जास्त लागतो, पण दम लागत नाही. आजी-आजोबांना आम्ही तिकडूनच नेतो.

वरचा पॅगोडा हे देऊळ नाही. युद्धांत मरण पावलेल्या इथल्या माणसांचं ते स्मारक आहे, तेव्हा आवाज बेताचा ठेवा. मागच्या सज्जावर बहरात रांग लागते. फोटो झाला की जागा सोडा. फांद्या ओढू-हलवू नका.

सकाळी लवकर निघणार आहोत, कारण दुपारकडे फुजी बहुधा ढगात जातो. टोकियोहून ओत्सुकीमार्गे शिमोयोशिदा स्टेशन, दोन तासांच्या आसपास. तिथून देऊळ चालत दहा मिनिटं. स्वेटर हाताशी हवा. इथले जाडजूड योशिदा उदोन (गव्हाच्या नूडल्स) प्रसिद्ध आहेत, पण रश्श्यात मासळीचा अर्क असतो आणि वर बऱ्याचदा घोड्याचं मांस. शाकाहारी मंडळींनी दशम्या-चटणी बरोबर घ्यावी. कचरापेट्या फारशा दिसणार नाहीत, म्हणून एक रिकामी पिशवीही ठेवा.