विज्ञान आश्रम, पाबळ

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, अवर्षणाच्या पट्ट्यातील पाबळ गावी १९८३ साली सुरू झालेले तंत्रशिक्षण केंद्र. संस्थापक डॉ. श्रीनाथ कलबाग (१९२८–२००३). इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट घेतलेले कलबाग मुंबईत हिंदुस्तान लीव्हरच्या संशोधन विभागात होते. ती नोकरी सोडून ते सपत्नीक पाबळला राहायला आले. पुण्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनचा प्रकल्प म्हणून आश्रम उभा राहिला.

इथे येणारी बरीच मुले शाळेत नापास झालेली किंवा शाळा सुटलेली असत. शेती व पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य अशा विभागांत ती वर्षभर राहून शिकतात. गावाची खरी कामे अंगावर घेणे हा या शिक्षणाचा गाभा आहे. भूजल शोधण्याचेच काम घ्या. चार खुंट्या एका ओळीत जमिनीत ठोकायच्या, बाहेरच्या दोन खुंट्यांतून वीज सोडायची आणि आतल्या दोहोंमधला विद्युतदाब मोजायचा. खुंट्यांतले अंतर वाढवत नेले की अधिकाधिक खोलीवरच्या थरांचा अंदाज येतो. पाणी धरून असलेला खडक कोरड्या खडकापेक्षा विजेला कमी रोध करतो. हे रोधमापक यंत्र आश्रमातच तयार झाले आणि त्याच्या आधारे मुले शेतकऱ्यांना विहिरीची जागा सुचवू लागली. पाणाड्याच्या भरवशावर पैसा घालणाऱ्या शेतकऱ्याच्या बांधावर ओहमचा नियम (विद्युतदाब, प्रवाह आणि रोध यांचे नाते) असा जाऊन पोहोचला. वर्गातल्या फळ्यावरून तो तिथवर गेला असता असे वाटत नाही.

हीच पद्धत ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या विषयाच्या रूपाने आठवी ते दहावीच्या वर्गांत गेली. राज्य मंडळाची त्याला मान्यता आहे. आठवड्यातला एक दिवस मुले हातांनी काम करतात, गावातलेच कारागीर शिकवायला येतात.

२००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या नील गर्शेनफेल्ड यांच्या केंद्राबरोबर पाबळला फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची छोटी कार्यशाळा, सुरू झाली. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. संगणकावर काढलेला आराखडा यंत्राला द्यायचा आणि सर्किट बोर्डावरचे नको तेवढे तांबे खरवडून काढायचे, अशी कामे खेड्यातली मुले करू लागली. या भागीदारीचे मोल यंत्रांहून मोठे आहे: विद्यापीठ येण्याआधीच गावाजवळ स्वतःचे प्रश्न तयार होते. डिझेल इंजिनाचा वेग अचूक कसा मोजावा, दुधाची प्रत स्वस्तात कशी तपासावी, हे प्रश्न कलबागांनीच गर्शेनफेल्ड यांच्यापुढे ठेवले.