माठाचं पाझरणं आणि ग्लासाचा घाम

एप्रिलात सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात दोन भांडी बाहेरून ओली दिसतात: तिवईवरचा माठ आणि बर्फ घातलेल्या कोकम सरबताचा स्टीलचा ग्लास. आजी दोघांनाही 'पाझरतोय' म्हणायची. पाझरतो फक्त माठ.

ग्लासावरचा थेंब बोटाने टिपून जिभेला लावा. ना लाल, ना आंबट. ते पाणी आतलं नाहीच. हवेतली वाफ गार पत्र्याला टेकली आणि तिचं पाणी झालं.

माठाचं पाणी मात्र आतलंच. मातीच्या बारीक छिद्रांतून ते बाहेर येतं आणि कोरड्या हवेत उडून जातं. उडायला उष्णता लागते, ग्रॅममागे साधारण 580 कॅलरी, आणि त्यातली बरीचशी माठातल्या पाण्यातून उपसली जाते. ती सगळी तिथूनच गेली, तर 10 लिटरच्या माठातलं 100 मिली उडताच उरलेलं पाणी पाच-सहा अंशांनी उतरेल. बाहेरची गरमी आत शिरत राहते, म्हणून प्रत्यक्षात थोडं कमीच. मामींनी एका वर्षी शोभेसाठी माठाला ऑइलपेंट मारला. छिद्रं बुजली. उन्हाळाभर कोमट पाणी प्यायलो, वर 'यंदाचा माठच खोटा निघाला' हेही ऐकलं.

ग्लासावर व्यवहार उलटा. वाफ होताना घेतलेली उष्णता पाणी होताना परत सोडावी लागते, तेवढीच. एक ग्रॅम बर्फ वितळायला 80 कॅलरी पुरतात, म्हणजे एक ग्रॅम घाम सातेक ग्रॅम बर्फ खाऊ शकतो. घाम फुटलेला ग्लास बघून जीव गार होतो खरा, पण सरबत कोमट करायला तोच हातभार लावत असतो.

ढगातही हेच. वर चढणाऱ्या वाफेचं पाणी होताना सुटलेली उष्णता हवेला आणखी वर ढकलते, ढग फुगत जातो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने 2018 आणि 2019 साली सोलापूर परिसरात कृत्रिम पावसाचे प्रयोग केले, ते असल्याच ढगांवर.

जुलैत हवा दमटली की दोघांचं नशीब फिरतं. एप्रिलात जेमतेम ओलावणारी फ्रिजची बाटली आता ओट्यावर थारोळं करते. कूलर नुसती चिकचिक वाढवतो. आणि माठ? तो आजी धुऊन, पालथा घालून माळ्यावर टाकायची.