मणक्यातील गादी सरकणे

पाठीच्या कण्यातील दोन मणक्यांमध्ये कूर्चेची एक चकती असते. तिचे बाहेरचे कडे चिरून आतला मऊ गर बाहेर येणे, याला बोलीत ‘गादी सरकणे’ आणि दवाखान्यात ‘स्लिप डिस्क’ म्हणतात. दोन्ही नावे फसवी आहेत. चकती वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट जोडलेली असते. ती सरकत नाही. ‘मणक्यात गॅप आला’ हा प्रयोग तर उलटाच आहे, कारण चकती झिजली की दोन मणक्यांमधले अंतर कमी होते. नावांचा हा घोळ निव्वळ शब्दांपुरता राहत नाही. सरकलेली वस्तू कोणीतरी ढकलून जागेवर बसवावी, ही रुग्णाची अपेक्षा त्यातूनच येते.

माणसाच्या कण्यात अशा २३ चकत्या असतात. बाहेरचे कडे कांद्यासारखे, १५ ते २५ पापुद्र्यांचे. लगतच्या पापुद्र्यांतले तंतू एकमेकांना छेद देत तिरके गेलेले. आतला गर जेलीसारखा, पाणी धरून ठेवणारा. वयानुसार त्यातले पाणी कमी होत जाते. प्रौढ माणसाच्या चकतीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात, त्यामुळे तिचे पोषण शेजारच्या मणक्यांतून झिरपत येते आणि झालेली चीर सावकाश भरते. रात्री आडवे पडल्यावर चकती पाणी शोषून फुगते. सकाळी उंची एक-दोन सेंटिमीटर जास्त भरते ती यामुळे, आणि उठल्याउठल्या कमरेत वाकून भरलेली बादली उचलणे बाधते तेही यामुळेच.

कमरेतल्या दुखण्यात जवळजवळ नेहमी शेवटच्या दोनपैकी एक चकती सापडते, कारण भार आणि वाकणे दोन्ही तिथेच एकवटते. मानेतही हा विकार होतो. मग कळ हातात उतरते. बहुतेक रुग्ण ३० ते ५० वर्षांचे असतात. दोष सहसा उचललेल्या पोत्याला किंवा दुचाकीवर बसलेल्या दणक्याला दिला जातो. फिनलंडमधील जुळ्या भावांच्या अभ्यासांत मात्र चकतीच्या झिजेत कामाच्या स्वरूपापेक्षा आनुवंशिकतेचा वाटा मोठा दिसला. पुष्कळदा शेवटचे निमित्त एक शिंक असते.

गर बाहेर आला की दुखतेच असे नाही. तो मज्जातंतूच्या मुळाशी पोचला तर दाबाने आणि त्याहूनही दाहाने कळ सुटते: कुल्ल्यातून मांडीच्या मागे, तिथून पोटरीत, थेट पावलापर्यंत. हीच सायटिका. खोकताना ती वाढते. आयुर्वेदात पायात उतरणाऱ्या अशा वेदनेला गृध्रसी म्हणतात. गृध्र म्हणजे गिधाड, आणि रुग्णाची चाल गिधाडासारखी होते असा त्याचा अर्थ लावतात. कोणते मूळ दुखावले हे पायावरून ओळखता येते. अंगठा वर उचलताना जोर कमी पडला तर पाचवे कटिमूळ, चवड्यावर उभे राहता येईना तर त्याखालचे.

पायात उतरणाऱ्या कळेचे खापर चकतीवर फुटायला १९३४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी बोस्टनचे विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी दाखवले, की कण्यातून कूर्चेच्या गाठी म्हणून काढल्या जाणाऱ्या अनेक गोष्टी प्रत्यक्षात फाटलेल्या चकतीचे तुकडे होते. त्यानंतर शस्त्रक्रियांचे युग आले. एमआरआयने त्यात भर घातली, आणि गोंधळही वाढवला. १९९४ मध्ये अमेरिकेत पाठीची काहीही तक्रार नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तेव्हा ५२ टक्के लोकांत किमान एक चकती फुगलेली आढळली. रिपोर्टमध्ये ‘बल्ज’ वाचून हबकणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा. लक्षणांशी जुळत नसेल तर त्या शब्दाला फारसा अर्थ नाही.

बरे होण्याची रीत मोठी चमत्कारिक आहे. बाहेर आलेल्या गराला शरीर परके मानते. भक्षक पेशी तो हळूहळू खाऊन टाकतात. त्यामुळे चकतीपासून सुटून पडलेला मोठा तुकडा, जो एमआरआयवर सर्वांत भयंकर दिसतो, तोच बहुधा विरघळतो. साधा फुगवटा वर्षानुवर्षे तसाच राहतो. यात ढकलून बसवण्यासारखे काही नसते. पायाळू माणसाने कमरेला लाथ मारली की उसण जाते, ही आपल्याकडची समजूत स्नायूच्या उसणीत विनोदापुरती ठीक. चकती फाटलेली असताना तो प्रयोग करू नये.

झोपून राहण्याचा जुना सल्लाही मागे पडला. नेदरलँड्समध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन आठवडे अंथरुणात राहिलेले आणि हिंडते-फिरते राहिलेले सायटिकाचे रुग्ण सारखेच सुधारले. पहिले एक-दोन दिवस सोडले तर सोसेल तेवढे चालावे, एका जागी फार वेळ बसू नये. कोणता व्यायाम लागू पडतो हे कळ स्वतः सांगते: पोटरीतून वर सरकून ती कमरेपुरती राहिली, तर कंबर जास्त दुखत असली तरी ते चांगले लक्षण मानतात. ती खाली उतरू लागली तर तो व्यायाम थांबवायचा, मग ते भुजंगासन का असेना. बहुसंख्य रुग्णांना सहा ते बारा आठवड्यांत पुष्कळ उतार पडतो. बधिरपणा मात्र वेदनेच्या मागून, रेंगाळत जातो.

शस्त्रक्रियेत बाहेर आलेला तुकडा काढतात. चकती पूर्ववत होत नाही. २००७ मधील दुसऱ्या डच चाचणीत २८३ रुग्ण होते. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांची पायाची कळ लवकर थांबली, पण वर्षअखेर दोन्ही गटांत बरे झालेल्यांचे प्रमाण सारखेच, ९५ टक्के होते. आधी शस्त्रक्रिया न करता वाट पाहणाऱ्या गटातल्या ३९ टक्के लोकांनी अखेर शस्त्रक्रिया करून घेतली, हेही सांगायला हवे. म्हणजे प्रश्न बहुधा किती काळ सोसायचे एवढाच असतो, आणि त्याचे उत्तर रोजंदारीवर जाणाऱ्याचे वेगळे, पगारी रजा मिळणाऱ्याचे वेगळे.

अपवाद एकच, पण तातडीचा. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा सुटला, सायकलच्या सीटला टेकणारा भाग बधिर झाला, तर मज्जारज्जूच्या खालचा मुळांचा सगळा जुडगा दाबला गेल्याची शक्यता असते. अशा वेळी त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे लागते. पाऊल झपाट्याने लुळे पडत असेल तरीही तसेच.