भुतं, जादू आणि अंतराळयानं: नव्या कपाटाचं माहितीपत्रक

नमस्कार मंडळी,

लायब्ररीत शिरल्यावर डाव्या हाताला जुने दिवाळी अंक रचलेले असायचे ना, तिथे आता नवीन कपाट आलंय आणि त्यात फक्त भयकथा, विज्ञानकथा आणि फॅन्टसी, पुस्तकं पण आणि सिनेमाच्या डिस्क पण. हे वेगळं का केलं, तर बरेच मेंबर काउंटरवर येऊन इकडेतिकडे बघत हळूच विचारतात, 'भुताचं काही आहे का हो', जणू काही उधारी मागतायत. अहो बिनधास्त मागा. मराठीत या प्रकारात चांगलं लिहिलेलं भरपूर आहे आणि ते कादंबऱ्यांच्या गर्दीत हरवून जायचं, म्हणून ही सोय.

कपाट लेखकाच्या नावाने लावलेलं नाही, वाचणाऱ्याचा धीर बघून लावलंय. पिवळा स्टिकर म्हणजे घरातल्या कोणीही वाचावं. केशरी म्हणजे रात्री एकट्याने वाचलंत आणि नंतर पाणी प्यायला किचनपर्यंत जायची हिंमत झाली नाही तर आम्हाला फोन करू नका. लाल स्टिकरवालं सोळा वर्षांखालच्या मुलांना देत नाही, आईबाबांचं कार्ड आणलं तरी नाही, आईबाबांना घेऊन या.

सगळ्यात जास्त मागणी अर्थात नारायण धारपांना. १९२५ ते २००८ हा त्यांचा काळ, लिहिलं प्रचंड, पण मधली बरीच वर्षं त्यांची पुस्तकं रद्दीवाल्याकडेच सापडायची, आता नव्या आवृत्त्या निघाल्यात आणि आम्ही त्याच घेतल्यात, जुन्यांची पानं हातात यायची. पहिल्यांदाच वाचत असाल तर समर्थ या त्यांच्या नायकाच्या कथांपासून सुरू करा, कारण तिथे कितीही भयानक घडलं तरी निस्तरणारा माणूस येणार हे माहीत असतं, जरा आधार वाटतो. तो आधार नको असेल तर 'लुचाई'. स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वर बेतलेली आहे पण वाचताना परकी वाटत नाही, गावातली माणसं एकेक करून बदलायला लागतात आणि दार वाजलं की आपणही आधी 'कोण?' विचारायला लागतो. लाल स्टिकर. हिच्या दोन प्रती आहेत आणि दोन्ही कायम बाहेर असतात, त्यामुळे नंबर लावून ठेवा.

रत्नाकर मतकरी म्हणजे वेगळंच काम. त्यांच्या गूढकथेत भूत असेलच असं नाही, साध्या घरातला साधा माणूस असतो आणि त्याचं मन हळूहळू कुठेतरी भलतीकडे जायला लागतं आणि शेवटच्या चार ओळींत आपल्या पायाखालची सतरंजी ओढली जाते. 'गहिरे पाणी' आणि 'खेकडा' हे दोन्ही संग्रह आहेत. प्लीज एक विनंती, शेवटचं पान आधी वाचायची सवय असेल तर मतकरी नेऊ नका, पैसे फुकट. आजच्या लेखकांपैकी हृषीकेश गुप्ते जरूर वाचा. 'अंधारवारी' कथासंग्रह आहे, आवडला तर मग 'दंशकाल' ही कादंबरी, ती जाडजूड आहे म्हणून तिला मुदत जास्त दिलीय.

आता तुंबाड. हा सिनेमा २०१८ साली आला, तेव्हा फार लोकांनी थेटरात जाऊन पाहिला नाही, मग सप्टेंबर २०२४ मध्ये परत लावला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त धंदा केला, आणि तेव्हापासून आमच्याकडे आठवड्याला कोणी ना कोणी 'तुंबाडचं पुस्तक' मागायला येतं. तर नीट सांगतो. श्री. ना. पेंडशांची 'तुंबाडचे खोत' ही दोन भागांची कादंबरी आमच्याकडे आहे, उत्तम आहे, पण त्यात सिनेमातला तो हस्तर नावाचा देव नाही, खजिना नाही, ती कोकणातल्या एका घराण्याची गोष्ट आहे आणि सिनेमाने तिथून घेतलंय ते नाव. भीतीचं मूळ धारपांकडे आहे. सिनेमातली साखळीने बांधलेली ती म्हातारी आठवते ना, ती कल्पना धारपांच्या एका कथेतली, आणि धारपांची ती कथा परत स्टीफन किंगच्या कथेवरून, म्हणजे अमेरिकेतली आजी पुण्यामार्गे कोकणात पोचली. पण कणकेची बाहुली घेऊन दोराने खाली उतरायचं, हस्तर पिठावर तुटून पडला की तेवढ्या वेळात त्याच्या लंगोटातल्या मोहरा ओरबाडायच्या आणि वर पळायचं, हे असलं कोणाला सुचतं हो! सोनं मिळालं पण धान्य नाही म्हणून तो देव कायम भुकेला, एवढ्या एका गोष्टीवर अख्खा सिनेमा उभा आहे. मूळ सिनेमा हिंदीत आहे. आमच्याकडे त्याची डिस्क नाही, घरी ओटीटीवर बघा आणि बघून झाल्यावर धारप न्या, उलट क्रमाने नको.

असंच 'मुंज्या'चं. २०२४ चा, तोही हिंदी, पण दिग्दर्शक आदित्य सरपोतदार आपले आणि भूतही अस्सल कोकणातलं. त्यांनीच आधी २०२२ मध्ये मराठीत 'झोंबिवली' केला होता, डोंबिवलीत झॉम्बी. लोकलच्या गर्दीत रोज उभे राहणाऱ्यांना त्यात नवीन काही दिसणार नाही असं आमचे एक जुने मेंबर म्हणतात. 'लपाछपी' मात्र हसण्यावारी नेऊ नका. उसाच्या फडातलं एकटं घर, गरोदर बाई आणि भर दिवसाच्या उन्हात येणारी भीती, त्याचा हिंदी अवतार 'छोरी' नावाने आला पण आमचं मत विचाराल तर मराठीच बघा. घरात कोणी गरोदर असेल तर सध्या राहू द्या.

डिस्क कुठल्या आहेत ते सांगतो. मराठीत 'झपाटलेला', 'धडाकेबाज', 'पछाडलेला', आणि इंग्रजीत 'एलियन', 'ज्युरासिक पार्क' वगैरे, सगळ्या भाड्याने द्यायची परवानगी असलेल्या. पेनड्राइव्हवर भरून देत नाही, ओळख काढलीत तरी नाही. प्लेअर नसेल तर तोही मिळतो, वेगळं डिपॉझिट. 'झपाटलेला' १९९३ चा, आणि आत्ताच्या मुलांना कितपत आवडेल अशी शंका आम्हाला होती, पण शाळेला सुट्टी लागली की ही डिस्क कपाटात टिकत नाही. तात्या विंचू म्हणजे दिलीप प्रभावळकर आणि बाहुला रामदास पाध्यांचा, कॉम्प्युटरवर काढलेला नाही, खरा हलणारा, म्हणून तर आजही पोरं पलंगाखाली बघून मग झोपतात. याच प्रभावळकरांनी मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या' नाटकात चेटकीणही केली होती.

विज्ञानकथा म्हटलं की लोक घाबरतात की फिजिक्स लागेल. नाही लागत. जयंत नारळीकर सर २० मे २०२५ ला गेले, त्यानंतर बऱ्याच जणांनी त्यांची पुस्तकं मागितली म्हणून आम्ही पूर्ण एक कप्पा त्यांचा केलाय. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली तीसुद्धा स्वतःच्या नावाने नाही, नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी करून, परीक्षकांनी नावाकडे बघून मार्क देऊ नयेत म्हणून. पहिलं बक्षीस मिळालं. सुरुवातीला 'यक्षांची देणगी' घ्या, छोट्या कथा आहेत. कादंबरी हवी असेल तर 'प्रेषित' किंवा 'वामन परत न आला'. आणि 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा सोडूच नका, इतिहासाचे प्राध्यापक मुंबईला जातात आणि बघतात तर पानिपत मराठ्यांनी जिंकलेलं आहे, विश्वासरावांना लागलेली गोळी तिथे नुसती चाटून गेलेली. अकरावीच्या एनसीईआरटीच्या इंग्रजी पुस्तकात हीच 'द अ‍ॅडव्हेंचर' नावाने आहे, तेव्हा ते पुस्तक असलेली मुलं घरात असतील तर मराठीतून आधी वाचायला द्या, त्यांचा धडा सोपा होईल. ती कुठल्या संग्रहात आहे ते काउंटरवर विचारा, काढून देतो. सोबत सुबोध जावडेकरांचं 'गुगली' आणि लक्ष्मण लोंढ्यांचं 'दुसरा आइनस्टाइन' ही आहे, पिवळा स्टिकर.

फॅन्टसीचा कप्पा खरं सांगायचं तर लहान आहे. 'हॅरी पॉटर आणि परीस' आणि पुढचे भाग मराठीत आहेत, नाथमाधवांची 'वीरधवल' आहे, भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न आहे, तो खरं तर विज्ञानकथेत जायला हवा पण लहान मुलांचा हात इथे पोचतो म्हणून खाली ठेवलाय.

आता व्यवहाराचं. पुस्तक दहा दिवस, जाड कादंबरी पंधरा दिवस, डिस्क दोन दिवस. उशीर झाला तर दिवसाला दोन रुपये, डिस्कला पाच. नंबर लावलेलं पुस्तक आलं की व्हॉट्सअ‍ॅप करतो, दोन दिवस बाजूला ठेवतो, मग पुढच्याला जातं, यावर वाद घालू नये. डिस्कवर बोटांचे ठसे, चहाचे डाग असतील तर आम्हाला आधी दाखवा, घरी नेल्यावर सांगितलंत तर ते तुमचेच धरले जातील. भयकथेच्या पानांवर पेनने 'पुढे तो मरतो' असं लिहिणारे एक मेंबर आहेत, आम्हाला अक्षर ओळखता येतं, कृपया थांबवा.

कपाटात नाही असं काही हवं असेल तर काउंटरवरच्या वहीत नाव लिहा, तीन जणांनी एकच पुस्तक लिहिलं की आम्ही मागवतो. सोमवारी बंद.