अर्धसंश्लेषित पेनिसिलिने

किण्वनाने मिळालेल्या पेनिसिलिनाची मूळ पार्श्वशृंखला काढून तिच्या जागी प्रयोगशाळेत दुसरी जोडलेली प्रतिजैविके. ६-अमिनोपेनिसिलॅनिक आम्ल (६-एपीए) हा गाभा या सर्वांत समान असून जिवाणूंवरील क्रिया ज्यावर अवलंबून असते ते बीटा-लॅक्टम वलय त्यातच असते. अँपिसिलीन, अमॉक्सिसिलीन व क्लॉक्सॅसिलीन ही परिचित उदाहरणे होत.

गाभा प्रथम कोणाला मिळाला, याबद्दल एकमत नाही. जपानमध्ये साकागुची व मुराओ यांनी १९५० मध्ये बुरशीतील एंझाइमाने पेनिसिलीन-जी हे किण्वनाने मिळणारे पेनिसिलीन फुटून ‘पेनिसीन’ तयार होत असल्याचे नोंदवले. काटो यांनी १९५३ मध्ये ‘पेनिसिलिनाचा गाभा’ अशी कल्पना मांडली. यांपैकी कोणालाही तो शुद्ध रूपात वेगळा करता आला नव्हता. इंग्लंडमध्ये ब्रॉकहॅम पार्क येथील बीचम कंपनीच्या प्रयोगशाळेत, पार्श्वशृंखलेचा पूर्वघटक न घालता केलेल्या किण्वनात रासायनिक मोजणीने पेनिसिलीन जास्त व जैविक मोजणीने (जिवाणूंवरील परिणामावरून) कमी भरू लागले. या तफावतीतून १९५७ च्या सुमारास गाभ्याचा माग लागला आणि १९५९ मध्ये तो वेगळा केल्याचे प्रसिद्ध झाले. अमेरिकेत जॉन शीहान यांनी १९५७ मध्ये पेनिसिलीन-व्हीचे पूर्ण संश्लेषण जाहीर केले होते. अर्धसंश्लेषित पेनिसिलिनांच्या अमेरिकी पेटंटवरून बीचमशी चाललेला तंटा १९७९ मध्ये त्यांच्या बाजूने सुटला. तो निवाडा अग्रहक्कापुरता, म्हणजे शोध आधी कोणाचा एवढ्यापुरता होता. कारखान्यांत रुजला तो किण्वनाचाच मार्ग. आज पेनिसिलीन-जी किण्वनाने बनवून पेनिसिलीन अ‍ॅसिलेज या एंझाइमाने त्याची शृंखला तोडतात. या एंझाइमावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही काम झाले आहे.

पेनिसिलीन फोडणारा जिवाणूंचा एंझाइम एब्रॅहॅम व चेन यांनी १९४० मध्येच वर्णिला होता. मेथिसिलीन या अर्धसंश्लेषित पेनिसिलिनातील दोन मेथॉक्सी गटांच्या अडथळ्यामुळे स्टॅफिलोकॉकस या जिवाणूच्या अशा एंझाइमाला बीटा-लॅक्टम वलयापर्यंत नीट पोहोचता येत नाही. हे औषध १९६० च्या सुमारास वापरात आले. १९६१ मध्ये पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी त्याला न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस नोंदवले. येथे औषध फुटत नाही: पेनिसिलीन ज्यांच्याशी बांधले जाऊन काम करते त्या प्रथिनांपैकी पीबीपी-२ए हे बदललेले प्रथिन ‘मेकए’ जनुकामुळे बनते आणि त्याच्याशी औषध क्षीणपणे बांधले जाते. असे जिवाणू मेथिसिलिनाने निवडून वाढवले, की ते आधीच होते? जनुकक्रमांच्या अभ्यासातून दुसऱ्या मताला बळ मिळते. त्यानुसार त्यांचा उगम १९४० च्या दशकाच्या मध्यावर असावा.

नव्या रेणूच्या चाचणीत पोषक द्रवात औषधाची संहती दर नळीत निम्मी करत नेतात, प्रत्येक नळीत मि.लि.ला सुमारे ५ लक्ष जिवाणू घालतात आणि सुमारे ३५° से.ला १६ ते २० तास ठेवतात. दृश्य वाढ थोपवणारी सर्वांत कमी संहती म्हणजे किमान रोधक संहती. पीबीपी-२एमुळे जिवाणूंत येणारा औषधरोध मात्र याने निसटू शकतो, कारण समूहातील मोजकेच जिवाणू तो उघड दाखवतात. म्हणून ऑक्सॅसिलीन या मेथिसिलिनासारख्याच पेनिसिलिनाच्या चाचणीत २% मीठ घालून पूर्ण २४ तास थांबतात. सेफॉक्सिटिन या दुसऱ्या बीटा-लॅक्टम औषधाची ३० मायक्रोग्रॅमची चकती वापरणे अधिक सोपे. स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या वाढीत चकतीभोवती २१ मि.मी. किंवा त्याहून कमी व्यासाचे निरोधक्षेत्र (चकतीभोवतीची वाढ नसलेली जागा) दिसल्यास तो औषधरोधी धरतात.

मेथिसिलीन आता उपचारात नाही. ते आम्लात टिकत नसल्याने टोचूनच द्यावे लागे, शिवाय वृक्कदाह (मूत्रपिंडाचा दाह) होई. पीबीपी-२एशी चांगले बांधले जाणारे सेफ्टारोलीन २०१० मध्ये अमेरिकेत मान्य झाले. ते पेनिसिलीन नसून सेफॅलोस्पोरीन या दुसऱ्या बीटा-लॅक्टम गटातील आहे.